दहा लाखांतला एक

कॅन्सर हा शब्द आता आपल्या मोहल्ल्यांना नवा राहिलेला नाही. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेला एखादा चाचा, स्तनातली गाठ काढून आलेली एखादी खाला जवळपास प्रत्येक खानदानात निघते. त्यामुळे नवा मरीज निघाला की सल्ल्याला तोटा नसतो. कोणत्या डॉक्टरकडे जायचे, केमोनंतर अन्नाची चव गेली की काय खाऊ घालायचे, मोठ्या रुग्णालयात पहाटे किती वाजता रांगेला लागायचे, हे सांगणारा माणूस दोन गल्ल्या सोडून भेटतोच. पण रिपोर्टवर ‘ॲड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा’ असे लिहिलेले असले तर? या आजाराचा दुसरा मरीज गल्लीत नसतो, तालुक्यात नसतो, पुष्कळदा जिल्ह्यातही नसतो. रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरांनीही हा आजार फक्त पुस्तकात वाचलेला असण्याची शक्यता असते. अशा घरावर आजारासोबत एकटेपणाही येतो, आणि इलाजाचे पहिले निर्णय याच एकटेपणात घ्यावे लागतात.

युरोप-अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे हा कॅन्सर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण एकाला, फार तर दोघांना होतो. तेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात वर्षाला शंभर ते दोनशे मरीज होतील. मुंबईच्या एका लोकल गाडीच्या एका डब्यात मावतील इतके. तरीही हे शंभर-दोनशे लोक एकमेकांना कधी भेटत नाहीत.

ॲड्रिनल ग्रंथी दोन असतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकीचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास. मराठी पुस्तकांत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ग्रंथीचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल, आल्डोस्टेरोन आणि थोडेफार पुरुषी हार्मोन तयार करतो. रक्तदाब, साखर, मीठ-पाण्याचा तोल आणि तापात वा अपघातात तग धरण्याची ताकद यांचा कारभार बराचसा या थराकडे आहे. याच थरात उठणाऱ्या कॅन्सरबद्दल आपण बोलत आहोत. पोटाच्या स्कॅनमध्ये ॲड्रिनलवर छोटी गाठ दिसणे मात्र बरेच सामान्य आहे, आणि त्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली आणि ॲड्रिनलची गाठ सापडली, म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही. हार्मोनच्या तपासण्या आणि नीट काढलेला सीटी स्कॅन एवढ्यावर पुष्कळ उलगडा होतो.

पार्लरमध्ये लपलेली लक्षणे

निम्म्या किंवा त्याहून अधिक मरीजांत ही गाठ स्वतःच हार्मोन तयार करू लागते. कॉर्टिसॉल वाढले की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक राहतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, थोडा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात. काल-परवापर्यंत ठणठणीत असलेल्या माणसाला रक्तदाब आणि साखर एकदम लागते. जिना चढताना मांड्यांत जोर उरत नाही. पुरुषी हार्मोन वाढले तर बाईच्या हनुवटीवर दाट केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, आवाज जाड होतो, पाळी थांबते. लहान मुलांत चौथ्या-पाचव्या वर्षी किंवा त्याआधीच वयात येण्याच्या खुणा दिसू लागतात. हा आजार दोन वयांत जास्त आढळतो, लहानपणी आणि चाळिशी-पन्नाशीत. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक दिसतो.

आपल्या घरांत यातली निम्मी लक्षणे झाकली जातात. मुलीच्या चेहऱ्यावर केस आले तर अम्मी तिला आधी पार्लरला नेते, मग मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांकडे, आणि बाहेर वाच्यता होऊ नये म्हणून दोघींच्या तोंडाला कुलूप. रिश्ता मोडेल ही धास्ती खोटी नाही, पण तिची किंमत महिन्यांत मोजावी लागते. फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. पीसीओडीत हे बदल किशोरवयापासून वर्षानुवर्षे हळूहळू होतात. काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत चेहरा, आवाज आणि पाळी तिन्ही बदलले, तर थेट हार्मोनच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवावे. ज्या गाठी हार्मोन करत नाहीत त्या गुपचूप वाढतात आणि पोटात दुखू लागले किंवा हाताला गोळा लागला की कळतात.

वेळेचे मोल आकड्यांत पाहायचे तर जर्मनीतल्या ४१६ मरीजांच्या नोंदी २००९ साली छापून आल्या आहेत. पहिल्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर या आजारातून वाचलेले शंभरात ८२ होते. शरीरात पसरल्यावर सापडलेल्यांपैकी फक्त १३. हे आकडे वाचून कुणी स्वतःच्या घरातल्या माणसाचे आयुष्य मोजू नये, कारण त्या तेरांतही माणसेच होती. पण पार्लरमध्ये गेलेले चार महिने कशातून वजा होतात, ते यातून कळते.

पहिले ऑपरेशन

या आजारातून पूर्ण बरे होण्याचा रस्ता ऑपरेशनमधूनच जातो, आणि सगळ्यांत मोलाचे असते ते पहिले ऑपरेशन. गाठ तिच्या आवरणासकट, न फुटता, अखंड बाहेर यावी लागते. आवरण फाटले तर पेशी पोटात सांडतात आणि आजार परतण्याचा धोका वाढतो. म्हणून मोठी किंवा संशयास्पद गाठ असेल तर बहुतेक तज्ज्ञ दुर्बिणीऐवजी पोट उघडून ऑपरेशन करणे पसंत करतात. ‘छोट्या छिद्रातून होईल, तिसऱ्या दिवशी घरी’ हे ऐकायला गोड वाटते, पण इथे तो मोह महाग पडू शकतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की असे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने वर्षाला किमान ६ आणि शक्यतो २० हून अधिक ॲड्रिनल ग्रंथी काढलेल्या असाव्यात. तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, वर्षाला अशी किती ऑपरेशने तुमच्या हातून होतात?’ असे अदबीने विचारण्यात कसलीही गुस्ताखी नाही. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

सुई घालून तुकडा काढण्याचीही घाई करू नये. ॲड्रिनलच्या गाठीत बायोप्सीने सहसा निर्णायक काही कळत नाही. त्यातून गाठ फिओक्रोमोसायटोमा नावाच्या दुसऱ्या प्रकारची असेल, तर सुई टोचताच रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. आधी रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या, सुईचा विचार नंतर.

महाराष्ट्रातल्या मरीजांच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि के.ई.एम. ही दोन्ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. एकीकडे कॅन्सरचे सर्जन, दुसरीकडे हार्मोनच्या आजारांचा जुना विभाग. या आजाराला दोन्ही प्रकारचे डॉक्टर एकत्र लागतात. गावातल्या सर्जननी ‘मीच करतो’ म्हटले, तरी पहिल्या ऑपरेशनच्या आधी एकदा तिथे कागद दाखवून यावे. गाठ एकदा कापल्यावर मुंबई गाठण्यात तेवढा फायदा राहत नाही.

डीडीटीचा भाऊबंद

ऑपरेशननंतर पुष्कळांना मायटोटेन नावाच्या गोळ्या दिल्या जातात. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. आपल्या आजी-नानींना मलेरियाची फवारणी आठवत असेल. खाकी कपड्यांतले लोक घरोघर डीडीटी मारून जायचे आणि भिंतीवर तारीख लिहून ठेवायचे. त्या डीडीटीच्या घराण्यातलेच एक रसायन कुत्र्यांना दिले असता त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर झिजून गेला, असे अमेरिकेत १९४९ साली दिसून आले. जे विष ग्रंथीचा तो थर मारते, ते त्या थराचा कॅन्सरही मारेल का, असा प्रश्न कुणाच्या तरी मनात आला. दहा वर्षांनी ते माणसांना दिले गेले आणि १९७० साली अमेरिकेत औषध म्हणून त्याला मंजुरी मिळाली. अर्धशतक उलटले तरी खास या कॅन्सरसाठी मंजूर झालेले औषध म्हणून आजही त्याचेच नाव पुढे येते. आजार कमी लोकांना होतो म्हणजे गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी असले की कंपन्यांची घाईही कमी. हिशेब कडवा आहे, पण खरा आहे.

गोळी सोपी नाही. रक्तात तिचे प्रमाण लिटरला १४ ते २० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहावे लागते. खाली गेले तर परिणाम कमी, वर गेले तर चक्कर, गोंधळ, तोल जाणे. त्या पातळीपर्यंत पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात. ती चरबीत विरघळते, म्हणून दूध किंवा तूप-मलईच्या घासाबरोबर घेतलेली बरी, आणि बंद केल्यावरही ती अंगात महिनोन्‌महिने रेंगाळते. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर तिच्यामुळे कमी होऊ शकतो, आणि या काळात गर्भ राहू देऊ नये. तरुण जोडप्याने हा विषय लाजेपोटी डॉक्टरांपाशी काढायचा ठेवू नये. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळेल अशी आशाही ठेवू नये. डबी संपण्याच्या पंधरा दिवस आधी पुढची मागवावी.

मायटोटेन कॅन्सरच्या पेशी आणि चांगला थर यांत भेद करत नाही. दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथीही बंद पडत जाते आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल संपते. ते बाहेरून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीने भरून काढावे लागते. मायटोटेनमुळे ही गोळी शरीरात लवकर झिजते, म्हणून एरवीच्या दुप्पट किंवा जास्त डोस लागतो. गोळीवर ‘स्टिरॉइड’ लिहिलेले पाहून घरातली वडीलधारी मंडळी घाबरतात. ‘हे बंद कर, हाडे ठिसूळ होतील’ असे प्रेमानेच सांगतात. त्यांना बसवून समजावावे की या मरीजासाठी ही गोळी म्हणजे मधुमेह्याचे इन्शुलिन आहे. ताप आला तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करावा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते; मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम. घरातल्या एकाने तरी हे इंजेक्शन द्यायला शिकून ठेवावे आणि मरीजाच्या खिशात किंवा पर्समध्ये मराठी-इंग्रजी चिठ्ठी असावी: ‘मी स्टिरॉइडवर आहे. बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावे.’

रमजानचा प्रश्न इथेच येतो. हायड्रोकॉर्टिसोनचा असर काही तासच टिकतो, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. उन्हाळ्यातला तेरा-चौदा तासांचा रोजा अशा मरीजाला कोसळवू शकतो. आजारी माणसाला दिलेली सवलत सूरह बकरहमध्ये आहे. प्रश्न हुकुमाचा नसतो, सवलत घ्यायला मन तयार होत नाही हा असतो. सगळे घर सहरीला उठलेले असताना ताटाबाजूला बसून गोळी घेणे एखाद्या अम्मीला अपराधासारखे वाटते. घरच्यांनी तिला ते वाटू देऊ नये. शाबानमध्येच एकदा डॉक्टरांशी आणि फिद्याबाबत एखाद्या जाणत्या आलिमांशी बोलून ठरवून टाकावे. मग पूर्ण महिना घरात त्यावर वाद नको.

मोजके मरीज, मोजके संशोधन

दुर्मीळ आजारात संशोधनाची अडचण पैशांपेक्षाही मोठी असते, ती म्हणजे माणसे सापडत नाहीत. पसरलेल्या आजारावर केमोच्या दोन पद्धतींपैकी कोणती बरी, हे ठरवण्यासाठी ३०४ मरीज लागले. ते जमवायला १२ देशांतली ४० केंद्रे एकत्र आली आणि २०१२ साली निकाल छापून आला. एका पद्धतीत गाठ रोखून धरण्याचा काळ सरासरी पाच महिने होता, दुसरीत दोनच्या थोडा वर. एकूण आयुष्यात मात्र नक्की म्हणावा असा फरक पडला नाही. फार मोठे यश नाही. पण तोवर डॉक्टर अंदाजाने चालत होते, त्यानंतर पुराव्याने चालू लागले.

दुसरे उदाहरण मला अधिक भावते. गाठ पूर्ण निघाली आहे आणि आजार परतण्याचा धोका कमी आहे, अशा मरीजांना मायटोटेनचा त्रास सोसायला लावायचा का? हे तपासायला २००८ ते २०१८ अशी दहा वर्षे लागली आणि सात देशांतून मिळून ९१ माणसे जमली. २०२३ साली निकाल आला: पाच वर्षे आजार न परतलेल्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत शंभरात ७९, न घेणाऱ्यांत ७५. नक्की म्हणावा असा फरक नाही. म्हणजे आज एखाद्या कमी धोक्याच्या मरीजाला डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हाला ही गोळी नको, आपण नुसते लक्ष ठेवू,’ ते त्या ९१ जणांच्या होकारामुळे. योगायोगाने, या कॅन्सरचा जनुकीय नकाशा २०१६ साली छापला गेला, तोही ९१ गाठींवरून, चार खंडांतून गोळा केलेल्या. आणि प्रयोगशाळांत या कॅन्सरच्या पेशी म्हणून ज्या वर्षानुवर्षे वाढवल्या जात आहेत, त्यांतल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पेशी १९८० साली एका बाईच्या गाठीतून आल्या. इथे मरीज आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

पैसा उभा राहिला तोही बहुधा एखाद्या घराच्या दुःखातून. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर हे तिकडे आपल्याकडच्या एखाद्या क्रिकेट कर्णधाराइतके प्रसिद्ध. त्यांची पत्नी मिली १९९२ साली ॲड्रिनलच्या कॅन्सरने वारली. शेम्बेक्लर यांनी गोल्फच्या स्पर्धा भरवून, आपल्या नावाचे वजन वापरून या आजाराच्या संशोधनासाठी निधी जमवला. त्याच विद्यापीठात आज मिलीच्या नावाने ॲड्रिनल कॅन्सरचे प्राध्यापकपद आहे आणि तिथला विभाग या आजारातले नाणावलेले केंद्र मानला जातो. २००२ साली युरोपात फ्रान्स, इटली आणि जर्मनीतल्या गटांनी मिळून ॲड्रिनल गाठींच्या अभ्यासाचे जाळे उभे केले. एकेका देशाचे मरीज पुरत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

ब्राझीलची गोष्ट मुलांची आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये हा कॅन्सर मुलांत इतरत्रपेक्षा दहा-पंधरा पट अधिक आढळतो. कारण निघाले टीपी५३ या जनुकातला एक बदल, एकाच जुन्या पूर्वजाकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला. पाराना राज्यात १,७१,६४९ नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी झाली, ४६१ बाळांत तो बदल सापडला. ज्या घरांनी मुलांना नियमित तपासणीला आणले, त्यांच्यातल्या गाठी लहान असतानाच सापडल्या. ज्यांनी आणले नाही, त्यांच्यात आजार पुढे गेलेला निघाला.

यावरून आपल्या घरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. लहान मुलाला हा कॅन्सर झाला तर निम्म्याहून अधिक वेळा त्यामागे टीपी५३ मधला असा जन्मजात बदल असतो, म्हणून जनुकाची तपासणी आणि समुपदेशन जरूर घ्यावे. पण ‘नात्यात निकाह केला म्हणून झाले’ असा ठपका कुणी ठेवू नये. हा बदल आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. कधी दोघांकडूनही न येता बाळात नव्यानेच होतो. मामेभाऊ-चुलतभाऊ असण्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि सुनेचे माहेर खोदण्यातही काही हशील नाही. मोठ्या मरीजांत हे प्रमाण बरेच कमी आहे.

मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे ऑपरेशनच्या वेळी मशिदीत जुम्म्याला ऐलान होते, पैसे जमतात, मोहल्ला कमिटी हात देते. चांगली गोष्ट आहे. पण या आजारात खर्च ऑपरेशननंतर सुरू होतो. दर काही आठवड्यांनी रक्ताची पातळी, दर तीन महिन्यांनी स्कॅन, मराठवाड्यातून किंवा कोकणातून मुंबईच्या फेऱ्या, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. एकदम पन्नास हजार देण्यापेक्षा दोन वर्षे दरमहा दोन हजार आणि सोबतीला एक माणूस, हे अशा घराला जास्त उपयोगी पडते. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत. त्यांची चौकशी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय नाही, ते आरोग्यमित्राकडून लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर गाडीचे तिकीट काढू नये.

आणि कागद सांभाळावेत. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणे, स्कॅनच्या सीडी आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. पुष्कळ घरांना तो मागता येतो हेच ठाऊक नसते. या कॅन्सरचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली अवघड असते, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत लागते, आणि पुढे कधी नवे औषध आले तर तपासणी त्याच तुकड्यावर होते. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर मेण वितळते, एवढे ध्यानात ठेवावे.

रुग्णालयाने ‘तुमची माहिती नोंदवहीत घालू का’ किंवा ‘गाठीचा तुकडा संशोधनाला देता का’ असे विचारले, तर ‘आमच्या माणसावर प्रयोग करतात’ म्हणून लगेच उठून येऊ नये. नोंदवहीत नाव गेल्याने इलाज बदलत नाही. औषधाची चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. संमतिपत्र मराठीत किंवा उर्दूत मागावे, घरी आणून दोन दिवस वाचावे, खर्च कोण करणार, काही अपाय झाला तर जबाबदारी कुणाची, मध्येच नाव काढून घेता येईल का, हे तिन्ही प्रश्न विचारून मगच सही करावी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असायलाच हवे.